आपापली पौर्णिमा

वर घर, खाली शाळा आणि दोघांच्या मधे एक अरुंद जिना. एवढा अरुंद, की समोरून कोणी आलं तर एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. भिंतीला पाठ लावणाऱ्या बहुतेक वेळा विज्ञानाच्या बाईच असत.

सकाळी त्या वरून खाली येत तेव्हा हातात स्वयंपाकघरातलं काहीतरी असायचंच. व्हिनेगरची बाटली, खायचा सोडा, लाल कोबी उकळून काढलेलं जांभळं पाणी. दुपारी खालून वर जाताना हात रिकामे. प्रयोगाला लावलेली वस्तू परत स्वयंपाकघरात न्यायची नाही, हा नियम त्यांचाच. त्यामुळे जिन्यावरून जे जे उतरलं ते खालीच राहिलं. ‘आमच्या घरचे चमचे शिकायला म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत,’ असं त्यांचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तो शाळेची गाडी चालवायचा. सकाळी मुलं आणायची, दुपारी पोचवायची. बाकी कशात त्याचं काही म्हणणं नसे.

शाळा काढली सासऱ्यांनी. सगळे त्यांना दादा म्हणत. मुख्याध्यापक तेच, फाटकाची किल्ली त्यांच्याकडेच. घरात ते बाईंना ‘सूनबाई’ म्हणत आणि एकेरीत बोलत. जिन्याची शेवटची पायरी उतरली की ‘बाई’ आणि ‘तुम्ही’. शाळा भरताना सगळ्या शिक्षकांनी आपापले फोन कार्यालयातल्या टोपलीत ठेवायचे, असा दंडक होता. बाईंचा फोन मात्र टोपलीत जात नसे. तो दादांच्या सदऱ्याच्या खिशात राही. ‘घरच्या माणसाचं टोपलीत कशाला?’ असं ते म्हणत, आणि बाईंना वाटे, हा मानच आहे.

महिन्यापूर्वी एक पाहुणी शाळा बघायला आली होती. दूरच्या गावी शिक्षकांना शिकवणारं एक केंद्र होतं, तिथली प्रमुख. तिला सगळे ताई म्हणत. सहावीच्या वर्गात ती मागच्या बाकावर बसली. मुलं कोबीच्या पाण्यात लिंबू पिळत होती, साबण कालवत होती, राख टाकत होती. पाणी गुलाबी होत होतं, निळं होत होतं, हिरवं होत होतं. आणि प्रत्येक वेळी, थेंब पडायच्या आधी, मुलं बाकावर खडूनं आपला अंदाज लिहीत होती. चुकला तरी पुसायचा नाही. उलट ज्याचा चुकला त्यालाच आधी बोलायला मिळायचं.

‘हे कुठे शिकलात?’ ताईंनी विचारलं.

‘वर,’ बाई म्हणाल्या आणि छताकडे बोट केलं. ‘ओट्यापाशी.’

ताई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. आमच्याकडे या, म्हणाल्या. आठवड्यातले चार दिवस तिकडे राहायचं, शिक्षकांना हेच सगळं हातानं करायला लावायचं. वर्गात मुलांना जे करता, तेच मोठ्यांशी करायचं.

त्या रात्री जेवताना बाईंनी विषय काढला. नवरा म्हणाला, ‘मी आपला ड्रायव्हर. मालकाला विचार.’ दादांनी पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘बघू.’

बघू. या शब्दाला कडी नसते, कुलूप नसतं, आणि तरी त्यातून बाहेर पडता येत नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. हो म्हटलं असतं तर निघता आलं असतं. महिनाभर ते बघू म्हणत राहिले आणि बाई महिनाभर वाट बघत राहिल्या. लेक लांब शिकायला होती, ती फोनवर करवादायची, ‘अगं आई, तू हो म्हणून मोकळी हो ना. आजोबांना काय विचारायचं त्यात?’

पण लेकीला कसं सांगायचं? दादा वाईट असते तर सोपं होतं. बाई या घरात आल्या तेव्हा त्यांचं शिक्षण अर्धं राहिलेलं होतं. नवऱ्याला त्याचं काही नव्हतं, सासूला त्याची गरज वाटत नव्हती. दादांनीच पुस्तकं आणली. परीक्षेच्या दिवसांत हीच लेक तान्ही होती, तर परीक्षेच्या इमारतीबाहेर झाडाखाली तिला मांडीवर घेऊन दादा बसले होते. ती रडली की तिला जांभळाची पानं दाखवत होते. पास झाल्यावर जिन्याखालची अडगळीची खोली त्यांनी स्वतः झाडून काढली आणि म्हणाले, ‘ही घे तुझी प्रयोगशाळा.’ ज्या हातानं दार उघडलं त्याच हातानं ते ओढून घेतलं, तर माणसानं कोणत्या तोंडानं ओरडायचं?

आज शेवटचा दिवस होता. ताईंनी काल कळवलं होतं: उद्या शाळा सुटेपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसऱ्या कोणाला तरी विचारावं लागेल. मीच फोन करीन.

सकाळी बाईंनी जिन्याच्या तळाशी दादांच्या हातात फोन दिला. त्यांनी तो खिशात टाकला.

दुपारचा तास सातवीचा होता, चंद्राच्या कलांचा. जिन्याखालच्या खोलीच्या खिडक्यांवर काळा कागद डकवला होता, दाराच्या फटीत जुन्या सतरंजीचा तुकडा कोंबला होता. मधोमध टेबल, टेबलावर स्टूल, स्टुलावर उघडा दिवा. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. प्रत्येकाच्या हातात थर्माकोलचा पांढरा चेंडू, विणकामाच्या सुईला खोचलेला. खोलीला व्हिनेगरचा वास कायमचाच, त्यात आता तीस पोरांच्या घामाचा. कोंबून भरलेल्या त्या अंधारात दिवा लागायच्या आधी कोणीतरी कोणाला तरी चिमटा काढत होतं.

दार वाजलं. दारात दादा.

‘बाई, येऊ का आत? आज मीही विद्यार्थी. बघू तरी, लोक लांबून बघायला येतात ते काय आहे.’

मुलं एकदम सरळ झाली. चेंडू संपले होते. एका मुलीनं आपला पुढे केला. तिचं खरं नाव हजेरीपुरतं; सगळी शाळा तिला शंका म्हणायची, कारण तिला त्या येत.

‘दादा, हा घ्या माझा. माझी पौर्णिमा मी नंतर बघीन. पण आधी अंदाज लिहा.’

‘कसला अंदाज?’

‘दिव्याकडे पाठ करून चेंडू समोर धरला की तो कसा दिसेल? तिथे काळ्या कागदावर लिहायचं.’

‘अगं, मी तुझ्या बापाला शिकवलंय.’

‘मग त्यांनाही अंदाज लिहायला लावायचात का?’

खसखस पिकली. दादाही हसले. खडू घेऊन त्यांनी सगळ्यांच्या अंदाजांच्या वर, ठसठशीत अक्षरात लिहिलं: पूर्ण.

बाईंनी दार लावलं, सतरंजी फटीत दाबली. ‘नियम माहीत आहे ना? आपापली पौर्णिमा दिसल्याशिवाय?’

‘कोणीही बाहेर जायचं नाही!’ तीस गळे.

‘आणि मधे दार?’

‘उघडायचं नाही!’

‘अरे बाप रे,’ दादा म्हणाले.

दिवा लागला. बाईंनी सुरू केलं आणि मुलांनी उचललं. हे गाणं त्यांनी मुलांसाठीच जुळवलं होतं, पायांना वेग यावा म्हणून:

‘दिवा झाला सूर्य बाई, डोकं झालं धरती,
सुईवरचा चांदोबा गं फिरवा भोवती भोवती.
अंग त्याचं गोरं गोरं, उजेड त्याचा उसना,
जसा उभा राहशील तसा दिसेल तुला, बस ना!’

‘बस ना म्हणजे बसायचं नाही,’ शंकानं दादांना बजावलं. ‘ते नुसतं यमकासाठी आहे.’

दिव्याकडे तोंड केलं, तेव्हा सगळ्यांचे चेंडू काळे. अमावास्या. मग डावीकडे हळूहळू वळायचं. चेंडूच्या उजव्या कडेला नखाएवढी उजळ रेघ उमटली आणि खोलीभर ‘हाऽय’ असा एक श्वास सरकला. हा श्वास बाई दरवर्षी ऐकत. दरवर्षी त्यांच्या अंगावर काटा येई. चित्रात बघितलेली कोर वेगळी आणि आपल्या हातात उगवलेली वेगळी. कोर रुंदावली, अर्धी झाली, पोट काढून फुगत गेली. मुलं वळत वळत दिव्याला पाठमोरी झाली.

आणि आकांत सुरू झाला.

‘बाई, माझा गेला!’

‘माझा विझला!’

‘बाई, मोठा होता होता मेला एकदम!’

बाई गप्प. इथे त्या नेहमी गप्पच राहत. सांगून टाकायचा मोह दाताखाली धरून ठेवत. थोड्या वेळानं एका उंच पोराचा हात सहज वर गेला आणि तो किंचाळला, ‘उगवला! अख्खा!’ शेजारच्यानं बघितलं, त्यानंही हात वर केला. मग इकडून एक, तिकडून दोन. उगवला, उगवला. अंधारात गोल गोल पांढरे चेंडू माणसांच्या डोक्यांवर उचलले गेले.

दादांचा मात्र काळाच राहिला.

‘बाई, हा चेंडू खराब आहे.’

बाईंनी शेजारच्या मुलाचा चेंडू त्यांना बदलून दिला. तोही काळा.

‘तुमचा दिवा मिणमिणता आहे मग.’

‘दादा,’ शंका म्हणाली, ‘दिवा चांगला आहे. तुमचं डोकं आड येतंय.’

शाळेत हे वाक्य दादांना कोणी म्हटलं नव्हतं. घरातही नाही.

‘माझं डोकं?’ दादा सावकाश म्हणाले. ‘मग काय करू? काढून खुंटीला टांगू?’

मुलं फिदीफिदी हसली. ‘नको, नको! नुसता हात वर करा. डोक्याच्या वर.’

दादांनी हात उचलला. खांद्याच्या रेषेपर्यंत तो आला आणि अडला. त्यांनी श्वास ओढून पुन्हा रेटला. सुईचं टोक थरथरलं. खांदा धरलाय हे त्यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि बाईंना सांगायची गरज नव्हती. गेल्या थंडीत त्यांच्या कपाटातल्या वरच्या फळीवरच्या सगळ्या वस्तू बाईंनी न बोलता खालच्या फळीवर आणून ठेवल्या होत्या.

‘मान खाली घाला, दादा!’ मागून कोणीतरी सुचवलं.

‘मान खाली घातली तर बघणार कसं, शहाण्या?’

तेवढ्यात फोन वाजला.

दादांच्या सदऱ्याच्या खिशात निळसर उजेड पेटला. कापडातून तो पाझरला, हनुवटीवर चढला, आणि समोरच्या काळ्या चेंडूवर फिकट, आजारी गोल उमटला.

‘दादांच्या खिशात चंद्र उगवला!’ पोरं ओरडली.

बाईंच्या नावाचा फोन दुसऱ्याच्या छातीवर वाजत होता. हात लांब केला असता तर पोचला असता. ‘द्या’ म्हणायला जिभेला कितीसं वळायचं होतं? पण दादा चेंडूकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणत होते, ‘हे बघा! दिसला की नाही? गोल, पूर्ण. झाली माझी पौर्णिमा. चला, दार उघडा.’

‘ही खोटी आहे,’ शंका म्हणाली. ‘ही सूर्याची नाही, फोनची आहे.’

‘तू मोठी कज्जेदलालीण होणार आहेस.’

‘खोटीच आहे, दादा. बाई, खोटी आहे ना?’

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. फोन वाजायचा थांबला. चेंडू विझला.

‘खोटी आहे,’ बाई म्हणाल्या.

मुलांनी आपापल्या चेंडूंशी पुन्हा खेळ मांडला. जोराजोरात तुलना, माझा जास्त गोल, तुझा चेपलेला. त्या गलक्याआड बाई दादांजवळ सरकल्या.

‘कोणाचा होता?’

दादांनी खिशाकडे बघितलंही नाही. ‘तुला माहीत आहे कोणाचा.’ अंधारात ते ‘तुम्ही’ विसरले होते. ‘सकाळीही एकदा आला होता.’

‘सांगितलं नाहीत.’

‘तास चालू होता तुझा.’

हे खरं होतं. त्यांचं प्रत्येक म्हणणं असंच खरं असे; त्यात बोट घालायला फट नसे. दादांचा आवाज आणखी खाली उतरला. ‘सूनबाई, ही शाळा माझी नाही. ती तुझ्यावर चालते. लोक पोरं इथे घालतात ती या खोलीसाठी. हे त्या बाईला कळलंय म्हणून ती तुला न्यायला बघते. मला ते तिच्या आधीपासून कळलंय.’

हे वाक्य ऐकायला बाईंनी किती वाट बघितली होती! पोळ्या लाटताना, जिना उतरताना, रात्री दिवे घालवताना त्यांनी ते मनात दादांच्या आवाजात म्हणून बघितलं होतं. आणि आज ते खरोखर आलं, तेव्हा त्यांना कुशीत घेतल्यासारखं नाही वाटलं. भिंती चार बोटं जवळ सरकल्यासारखं वाटलं. व्हिनेगरचा वास नाकात बसला. एवढं कौतुक झाल्यावर माणूस जाणार कुठे?

‘बाई, दादांची पौर्णिमा राहिली!’ शंका. ‘किती वेळ? मला माझीही बघायचीय.’

बाईंनी दादांच्या मुठीतून सुई काढून घेतली. त्यांच्या पलीकडे जाऊन, दिव्यापासून लांब, भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि हात जेवढा ताणता येईल तेवढा वर ताणला. दादांच्या सावलीच्या वर चेंडू निघाला.

‘बघा.’

दादांनी मान उचलली. चेंडू अखंड उजळला होता, एवढीही कड न दुखावलेला. खाली बाईंच्या मनगटापर्यंत उजेड उतरला होता. बाकी सगळ्या बाई दादांच्या सावलीत होत्या. दादा बराच वेळ बघत राहिले. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं, तान्ह्या नातीला पानं दाखवताना असायचं तसं.

‘दिसली?’

‘दिसली,’ ते म्हणाले. ‘खरंच की गं.’

पोरांनी टाळ्या पिटल्या. टाळ्यांतच फोन पुन्हा वाजला.

या वेळी दादांनी चांगल्या हातानं तो खिशातून काढला. निळ्या उजेडात त्यांचा चेहरा म्हातारा दिसत होता. त्यांनी फोन बाईंच्या दिशेनं धरला, पण सोडला नाही. ‘हे बघ. सांग त्यांना, की...’

ते शब्द शोधत होते. आणि त्या थांबलेल्या क्षणात बाईंना एक गोष्ट अगदी लख्ख दिसली. पुढचा शब्द नाही असेल, तर तो दादांचा असेल. आणि हो असेल, तर तोही दादांचाच असेल. पुस्तकं दिली, ही खोली दिली, तसं जाणंही दिलं. मग तिकडच्या गावात, तिकडच्या शिक्षकांसमोर उभं राहतानाही आपण यांच्याच खिशात वाजत राहू.

त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. फोन घेतला. दादांची बोटं क्षणभर अडली आणि सुटली.

‘हो, ताई, मीच बोलतेय. हो. येते मी.’ त्यांनी पुन्हा म्हटलं, ‘येते. विचारायचं काही राहिलेलं नाही. वर्गात आहे, नंतर बोलू.’

फोन बंद झाला आणि अंधार होता त्याहून दाट झाला. आत्ता या खोलीबाहेर पडावं, जिना नको, फाटकाबाहेर, रस्त्याच्या त्या टोकापर्यंत चालत जावं असं बाईंना वाटलं. पण दार उघडता येत नव्हतं. शंकाची पौर्णिमा राहिली होती.

‘ये गं. हा घे चेंडू.’

शंका दिव्यापुढे उभी राहिली. तिनं मात्र घाई केली नाही. अमावास्येला थांबली, कोरीला थांबली, प्रत्येक ठिकाणी ‘एक मिनिट, मला बघू द्या’. बाकीच्यांची चुळबुळ सुरू झाली. बाई आणि दादा भिंतीपाशी, एकमेकांचा श्वास ऐकू येईल एवढ्या अंतरावर, उभे. जायला जागा दोघांनाही नव्हती.

‘मी काय म्हणणार होतो, ते तरी ऐकायचंस,’ दादा पुटपुटले.

‘ऐकलं असतं तर मी तेच सांगितलं असतं, दादा.’

‘हो म्हणणार होतो कदाचित.’

‘कदाचित.’

मग दादा म्हणाले, रागानं की कशानं कळलं नाही, ‘माझा सकाळचा चहा तुझा नवरा करणार का? पाणी तापवता येतं का त्याला?’

‘अंदाज काय तुमचा?’

दादांच्या नाकातून एक आवाज निघाला. हसू असेल, नसेलही.

‘उगवला,’ शंका म्हणाली, अगदी हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं. हात उंच, मान मागे. ती तशीच उभी राहिली आणि या वेळी कोणी तिला घाई केली नाही.

बाईंनी सतरंजी ओढली, दार उघडलं. मुलं लोंढ्यासारखी बाहेर पडली, डोळ्यांवर हात घेऊन, ठेचकाळत. मागून दादा आले. लख्ख उजेडात त्यांना काही दिसेना. एक हात भिंतीला लावून ते उंबऱ्याशीच थांबले. बाईंनाही दिसत नव्हतं. डोळे सरावेपर्यंत दोघं तिथेच शेजारी उभी राहिली. एकमेकांचे चेहरेही दिसत नव्हते, आणि ते बरंच होतं.

‘पुढचा तास कोणता?’ दादांनी विचारलं. आवाज मुख्याध्यापकांचा होता.

‘आठवी. रसायन.’

‘तो यापुढे कोण...’ ते मधेच थांबले.

बाईंनी पदर सारखा केला. कोबीचं पाणी अजून वरच राहिलं होतं, ते आणायला हवं होतं.

‘आज मी घेते,’ त्या म्हणाल्या. ‘सरका जरा, दादा. मला जिन्यावर जायचंय.’

दादांनी भिंतीला पाठ लावली.